विष उतरेपर्यंत: बीपीच्या गोळ्यांचा ओव्हरडोस, औषधांना न जुमानणारा शॉक आणि एक्मो

हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. शॉक म्हणजे बीपी इतकं पडणं की अवयवांना रक्त पुरत नाही; एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून ते परत शरीरात फिरवणारं यंत्र. अशा रुग्णांमध्ये जे हमखास दिसतं, ते एकाच रुग्णाच्या चार-पाच दिवसांत आणून मांडलं आहे. त्यामुळे यातल्या माणसांवरून कुणाची ओळख शोधू नये. गोळ्या किती घेतल्या होत्या, हा आकडा मुद्दाम दिलेला नाही. उपचार करणाऱ्यालाही त्या आकड्याचा फारसा आधार नसतो. घरच्यांचा अंदाज चुकतो, रिकाम्या स्ट्रिपमधल्या निम्म्या गोळ्या आधीच संपलेल्या असतात. उपचार ठरतो तो समोरच्या बीपीवर, नाडीवर आणि एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर.

तालुक्याच्या गावी, रात्री दहा

३१ वर्षांची विवाहित स्त्री, वजन ६० किलो, आधीचा कुठलाही आजार नाही. माहेरी आली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या, चक्कर येऊन ती मोरीत बसली. भावाने गाडीत घालून तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात आणलं. घरच्यांनी सांगितलं, जेवणातून काहीतरी बाधलं असेल.

तिथल्या फिजिशियनना ते पटलं नाही आणि ज्या कारणाने पटलं नाही, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. बीपी ८४/५० होतं, पण नाडी ५२. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाची नाडी १२०-१३० ने पळते. शॉकमध्ये नाडी संथ असेल तर काहीतरी तिला धरून ठेवतंय. दुसरी गोष्ट, बोटातून काढलेली शुगर २८६ आणि मधुमेहाचा इतिहास नाही. तिसरी, एवढ्या बीपीलाही बाई शुद्धीवर, नीट उत्तरं देणारी.

शुगरचं कारण सरळ आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात त्यासाठी कॅल्शियम आत यावं लागतं, आणि ते ज्या वाटेने येतं तीच वाट अ‍ॅम्लोडिपिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही औषधं बंद करतात. मोठ्या डोसमध्ये म्हणूनच शुगर चढते, आणि जितकी चढेल तितकं विष गंभीर समजायचं. नुसत्या बीटा ब्लॉकरने, म्हणजे अटेनोलॉलसारख्या हृदय संथ करणाऱ्या औषधाने, असं होत नाही. कमी बीपी, संथ नाडी आणि चढलेली शुगर हे त्रिकूट दिसलं की घरात बीपीच्या गोळ्या कोण घेतं हे विचारायलाच हवं.

त्यांनी भावाला बाजूला घेऊन तेच विचारलं. थोड्या वेळाने भावाने घरून स्ट्रिपचे फोटो मागवले. वडिलांच्या गोळ्या होत्या: अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि अटेनोलॉल ५० मिलीग्रॅम, एकाच गोळीत. आपल्याकडे ही जोडगोळी घरोघरी आहे. एक औषध रक्तवाहिन्या सैल करतं, दुसरं हृदयाचा वेग आणि जोर कमी करतं. रोजच्या डोसमध्ये हे दोघं एकमेकांना पूरक असतात, ओव्हरडोसमध्ये शरीराकडे शॉकशी लढायची जी दोन हत्यारं असतात ती दोन्ही एकदम काढून घेतात.

घरच्यांनी आधी खरं का सांगितलं नाही? पोलीस केस होईल म्हणून. ही भीती आजही खेड्यापाड्यांत घट्ट आहे आणि तिच्यापायी उपचाराचे पहिले, सगळ्यात मोलाचे दोन तास जातात. मेडिको-लीगल नोंद होते, पोलीस जबाबाला येतात, हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं, तिला शिक्षा करायची नसते. उलट तिची काळजी घेणं, तिचं पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे दवाखान्याच्या दारातच, पहिल्या पाच मिनिटांत घरच्यांना सांगायला हवं.

फिजिशियननी रुग्ण पूर्ण शुद्धीवर होती म्हणून अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष शोषणारा कोळसा) पाजला, सलाइन लावलं, नाडी वाढवायला अ‍ॅट्रोपिन दिलं, १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिली सावकाश शिरेतून दिलं आणि साडेदहालाच पुण्यातल्या आमच्या आयसीयूला फोन केला. पेशंट बोलतेय, बीपी ८० च्या वर आहे, तरी फोन केला. या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय माझ्या मते हाच होता.

पहिले तीन तास

कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्समधून ती पुण्यात पोचली तेव्हा एक वाजला होता. नॉरअ‍ॅड्रेनालिन (वाहिन्या आवळून बीपी चढवणारं औषध) चालू असूनही बीपी ६८/३८. नाडी ४४, ईसीजीत पी वेव्ह नाहीत, जंक्शनल लय, म्हणजे हृदयाच्या नेहमीच्या केंद्राऐवजी खालच्या केंद्रातून निघणारे संथ ठोके. हात अजून कोमट. लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल) ४.१.

आल्या आल्या केलेल्या एकोत हृदय बऱ्यापैकी आकुंचन पावत होतं, इजेक्शन फ्रॅक्शन (डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर टाकतो ते प्रमाण) ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्या घटकेला मुख्य दुखणं सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांचं होतं. हा फरक करणं अतिशय महत्त्वाचं आहे. नुसत्या अ‍ॅम्लोडिपिनच्या विषबाधेत कित्येकदा हृदय उत्तम चालू असतं आणि बीपी फक्त वाहिन्यांमुळे पडलेलं असतं. तिथे उपाय म्हणजे वाहिन्या आवळणारी औषधं: नॉरअ‍ॅड्रेनालिन, व्हासोप्रेसिन, प्रसंगी मिथिलिन ब्लू. पंप धडधाकट असताना बाहेरून दुसरा पंप लावून फार काही साधत नाही. पण हिच्या पोटात अटेनोलॉलही होतं, आणि गोळ्या अजून विरघळत होत्या. म्हणून दर तासाला एको करायचा ठरलं.

कॅल्शियम पुन्हा दिलं. ग्लुकागॉन (बीटा ब्लॉकरचा अडसर ओलांडून हृदयाला जोर देणारं औषध) १ मिलीग्रॅमच्या किटमध्ये येतं आणि इथे ५ मिलीग्रॅमचा बोलस, म्हणजे एकदम द्यायचा डोस, लागतो. होत्या तेवढ्या किट वापरल्या, नाडी थोडा वेळ ५० वर गेली, परत खाली आली. तोवर इन्सुलिनची ऑर्डर लिहिली होती. ड्यूटीवरच्या सिस्टर शीट घेऊन परत आल्या.

"सर, सहा युनिट ना?"

"नाही सिस्टर, साठ. एकदम, शिरेतून. आणि मग तासाला साठ."

त्यांनी ऑर्डर मोठ्याने वाचली, दुसऱ्या सिस्टरला शेजारी उभं केलं, दोघींनी व्हायलवरचं लेबल पाहिलं आणि मग औषध भरलं. हे असंच व्हायला हवं. या उपचाराची ओळख नसलेल्या कुठल्याही आयसीयूत हा डोस चुकीचा वाटणारच, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या व्हायलमध्ये मिलीला ४० युनिट असतात की १०० हे पाहणं भाग आहे.

किलोमागे १ युनिट, मग तासाला किलोमागे १ पासून वाढवत १० युनिटपर्यंत, असा हा हाय-डोस इन्सुलिनचा उपचार आहे. शॉकमधल्या हृदयाला चरबीपेक्षा ग्लुकोज जाळणं सोयीचं पडतं; पण इन्सुलिनच नसल्यामुळे ग्लुकोज रक्तात पडून राहतं आणि स्नायू उपाशी. इन्सुलिन दिलं की ते आत जातं, आकुंचनाचा जोर वाढतो. परिणाम दिसायला १५ ते ६० मिनिटं लागतात, म्हणून बाकी सगळं फसल्यावर हे सुरू करण्यात अर्थ नाही. सोबत सेंट्रल लाइनमधून २५ टक्के डेक्स्ट्रोज, अर्ध्या अर्ध्या तासाला शुगर, तासाला पोटॅशियम. ६० किलोच्या माणसाला १० चा दर लावला तर तासाला ६०० युनिट, म्हणजे ४० वाल्या १० मिलीच्या दीड व्हायल दर तासाला. फार्मसीला मध्यरात्रीच उठवून सांगावं लागतं.

तीन वाजता चित्र पालटलं. हात गार पडले. लॅक्टेट ९.६. नॉरअ‍ॅड्रेनालिन, व्हासोप्रेसिन, अ‍ॅड्रेनालिन चालू, इन्सुलिन तासाला ३०० युनिट. मानेच्या शिरेतून टेम्पररी पेसमेकरची वायर टाकली, ठोके ८० वर नेले. बीपी जागचं हललं नाही. एकोत इजेक्शन फ्रॅक्शन २० टक्के. महाधमनीच्या तोंडाशी मोजलेला व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त किती अंतर पुढे जातं तो आकडा) ८ सेंटिमीटर. त्या हिशेबाने दर ठोक्याला साधारण २५ मिली, मिनिटाला २ लिटर. एवढ्या रक्तावर मेंदू आणि मूत्रपिंडं फार काळ तग धरत नाहीत.

यंत्र का, आणि त्या घडीलाच का

हार्ट अटॅकच्या शॉकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेलेला असतो. यंत्राने चार दिवस रक्त फिरवलं तरी तो भाग परत येत नाही. २०२३ साली आलेल्या ईसीएलएस-शॉक चाचणीत, जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या ४०० हून अधिक रुग्णांवर, अशा शॉकमध्ये सरसकट लवकर एक्मो लावून तीस दिवसांच्या मृत्युदरात फरक पडला नाही: एक्मोच्या गटात ४७.८ टक्के, दुसऱ्या गटात ४९ टक्के. ही चाचणी पुढे करून विषबाधेतही एक्मोला नाही म्हणणारे सहकारी मला भेटतात. मला ते मुळीच मान्य नाही, कारण विषबाधेतला स्नायू मेलेला नसतो.

रात्री तिच्या भावाला मी हेच सांगितलं: विहिरीवरची मोटर जळलेली नाही, लाईट गेली आहे, लाईट येईपर्यंत पिकाला दुसरीकडून पाणी द्यायचं आहे. त्याला ते लगेच कळलं. त्याने एकच विचारलं, "लाईट किती वेळाने येईल?" त्याचं उत्तर औषधावर आहे. अटेनोलॉलचं अर्धायुष्य सहा-सात तासांचं, पण ते मूत्रपिंडावाटे जातं आणि मूत्रपिंडं बसली की रेंगाळतं. अ‍ॅम्लोडिपिनचं अर्धायुष्य ३० ते ५० तासांचं. म्हणजे दोन ते पाच दिवसांची तयारी ठेवायची.

आकडे या बाजूने काय सांगतात? फ्रान्समधल्या काँ शहरातून २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात, औषधांच्या विषबाधेने ज्यांचा शॉक आवरेना किंवा ज्यांचं हृदय थांबलं अशा ६२ रुग्णांपैकी एक्मो मिळालेल्या १४ मधले १२ जगले. फक्त औषधांवर राहिलेल्या ४८ मधले २३. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही, आणि नैतिक कारणाने तसा पुरावा बहुधा कधी मिळणारही नाही. आंतरराष्ट्रीय एक्मो नोंदवहीतल्या विषबाधेच्या रुग्णांमध्ये जगण्याचं प्रमाण निम्म्याहून थोडं वर आहे.  २०१७ च्या तज्ज्ञांच्या एकमताच्या शिफारशींत आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या मार्गदर्शनात, औषधांना न जुमानणाऱ्या शॉकसाठी व्हीए-एक्मोला (शिरेतून रक्त घेऊन धमनीत सोडणाऱ्या एक्मोला) जागा दिलेली आहे.

इतर यंत्रांचा विचार झाला. महाधमनीत फुगणाऱ्या-मिटणाऱ्या बलून पंपाला स्वतः आकुंचन पावणारं हृदय लागतं, आणि तो मिनिटाला अर्धा-एक लिटरचीच भर घालतो. इम्पेला हा हृदयात बसवायचा छोटा पंप डाव्या कप्प्यातून रक्त उचलून महाधमनीत टाकतो, पण डाव्या कप्प्यात रक्त पोचवायला उजवं हृदय चालायला हवं; विष दोन्ही बाजूंना सारखंच चढतं. लय बिघडलेली, दोन्ही कप्पे ढिले, वाहिन्या सैल, अशा वेळी रक्ताभिसरण आणि ऑक्सिजन दोन्ही पूर्णपणे हातात घेणारं यंत्र एकच.

लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) दिलं नाही. ते जीव वाचवतं अशा नोंदी आहेत, पण एक्मो तासाभरात लागणार हे दिसत असताना ती चरबी ऑक्सिजनेटरमध्ये आणि नळ्यांत साचते, रक्ताच्या तपासण्याही काही तास बिघडतात. जिथे एक्मोची सोयच नाही आणि रुग्ण हातचा जातोय, तिथे मी ते नक्की देईन.

टोचणी, आणि नंतरचा त्रास

परफ्युजनिस्ट (एक्मो यंत्र चालवणारे तंत्रज्ञ) आणि सर्जन रात्री अकरापासून निरोपावर होते, सर्किट, म्हणजे यंत्राच्या नळ्या, द्रवाने भरून (प्राइम करून) ठेवलेलं होतं. रुग्ण अजून शुद्धीवर होती. अशा रुग्णाला भूल देऊन श्वासनळीत नळी घालताना तिथेच हृदय थांबण्याची भीती असते. म्हणून आधी जागेवरच भूल देऊन, सोनोग्राफीखाली दोन्ही जांघांत गाइडवायर टाकून घेतल्या. मग केटामिनच्या भुलीवर इंट्युबेशन, म्हणजे ती श्वासाची नळी. बीपी ४० वर आलं, पण वायर आत असल्याने पुढची दहा मिनिटं धावपळीची न होता शिस्तीत गेली. उजव्या फेमोरल (जांघेतल्या) शिरेत २३ फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), डाव्या फेमोरल धमनीत १७ फ्रेंच, आणि त्याच पायाच्या खालच्या भागाला रक्त जावं म्हणून ६ फ्रेंचची वेगळी बारीक नळी. पहाटे चार पन्नासला प्रवाह सुरू झाला, मिनिटाला ३.६ लिटर.

बरेच लोक समजतात की एक्मो लागला म्हणजे संपलं. सकाळी नऊला वाहिन्या इतक्या सैल होत्या की सरासरी दाब ६५ ठेवायला प्रवाह ४.२ लिटरवर न्यावा लागला. यंत्र रक्त उलट्या दिशेने, पायाकडून महाधमनीत ढकलतं; त्या दाबापुढे दुबळ्या हृदयाला झडप उघडता येईना. धमनीच्या रेषेवर वरच्या-खालच्या दाबात जेमतेम ६ चा फरक, एकोत डावा कप्पा फुगलेला, झडप मिटलेली, श्वासनळीतून गुलाबी फेस. झडप अशीच मिटून राहिली तर कप्प्यात गुठळी होते, आणि मग सगळंच हातचं जातं. प्रवाह ३.४ वर आणला, व्हासोप्रेसिन वाढवलं, अ‍ॅड्रेनालिन अगदी बारीक डोसवर ठेवलं, व्हेंटिलेटरवरचा पीप (फुप्फुसांत टिकवून ठेवलेला दाब) वाढवला, इन्सुलिन तसंच चालू ठेवलं. कप्पा रिकामा करायला इम्पेला खोलीत आणून ठेवला होता. दोन तासांनी झडप दर ठोक्याला उघडू लागली. इम्पेला लागला नाही.

लघवी थांबली होती, क्रिएटिनिन २.१. एक्मोच्या सर्किटलाच डायलिसिस जोडला. अ‍ॅम्लोडिपिन त्यातून निघत नाही, ते प्रथिनांना चिकटलेलं आणि ऊतींत पसरलेलं असतं. अटेनोलॉल मात्र निघतं, आणि मूत्रपिंडं बंद असताना डायलिसिसचा त्यासाठी खरा उपयोग आहे.

पायाबद्दल थोडं सविस्तर, कारण अशा रुग्णांत जीव वाचून पाय गेल्याची उदाहरणं आहेत. डाव्या पावलावर जिथे नाडी लागते तिथे सिस्टरनी मार्करने फुली मारली होती. दर तासाला त्या फुलीवर डॉपलरची (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारी) पेन्सिल ठेवायची, आवाज आला की चार्टवर नोंद. दुसऱ्या रात्री दोन वाजता आवाज आला नाही. पाऊल गार, पोटरी किंचित घट्ट. चादर बाजूला केली तर बारीक नळी ड्रेसिंगखाली दुमडली होती. सरळ करून पुन्हा टाका घातला, अर्ध्या तासात आवाज परत. त्या रात्री फुली कुणी तपासली नसती तर सकाळी सर्जनला पोटरी उघडावी लागली असती.

उजव्या मनगटातूनच रक्तवायू तपासायचे, हा दुसरा नियम. हृदय सुधारू लागलं की ते स्वतःच्या, म्हणजे पाणी भरलेल्या फुप्फुसांतून आलेलं रक्त मेंदूकडे पाठवतं, तर खालच्या शरीराला यंत्राचं लालभडक रक्त मिळतं. पायाच्या बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा १०० दाखवत असताना मेंदू तळमळत असू शकतो.

परतीची वाट

पहिल्या तीस तासांत पेसमेकरशिवाय लय नव्हती. मग सायनस लय (हृदयाची नेहमीची लय) आली, आधी ५८, संध्याकाळी ७६. तिसऱ्या दिवशी इजेक्शन फ्रॅक्शन ३५, चौथ्या दिवशी ४५. प्लेटलेट ६२ हजारांवर गेले, जांघेतून रक्त झिरपलं, हेपॅरिन (रक्तात गुठळी होऊ न देणारं औषध) काही तास थांबवलं.

इन्सुलिन थांबवतानाची सावधगिरी सहसा विसरली जाते. एवढं इन्सुलिन शरीरात साठलेलं असतं की पंप बंद केल्यावरही दिवसभर शुगर कोसळू शकते. डेक्स्ट्रोज पुढचे २४ तास चालू ठेवलं, तरी एकदा शुगर ५४ वर आलीच.

चौथ्या दिवशी प्रवाह टप्प्याटप्प्याने १.५ लिटरवर आणून पाहिलं. दाब टिकला, व्हीटीआय १२ सेंटिमीटर, मायट्रल झडपेच्या कडेची हालचाल सेकंदाला ८ सेंटिमीटर. हे दोन आकडे अनुक्रमे १० आणि ६ च्या वर हवे असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये नळ्या काढून धमनी शिवली. यंत्रावरचा एकूण काळ ८५ तास. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, आठव्या दिवशी डायलिसिस.

खर्च काही लाखांत जातो, आणि तो आकडा पहाटे तीन वाजता, बहीण मरणाच्या दारात असताना भावाला सांगावा लागतो. त्यासाठी मेडिकल सोशल वर्करला रात्रीच बोलवावं. ट्रस्टचे निधी, सरकारी योजना, दवाखान्याची सवलत यांचे अर्ज त्याच सकाळी भरायला घेता येतात.

तालुक्यातल्या डॉक्टरांनी फोन केव्हा करावा, असं मला वारंवार विचारतात. माझं उत्तर असं: गोळ्यांची ओळख पटली, बीपी ९० च्या खाली आहे आणि नाडी ६० च्या खाली, की लगेच. पेशंट बोलत असली तरी. बीपीसाठी तिसरं औषध सुरू करण्याची वेळ आली तर ते सुरू करतानाच दुसऱ्या हाताने फोन. हृदय थांबल्यावर, मसाज चालू असताना लावलेला एक्मोही माणसं वाचवतो, पण त्यातल्या कितीतरी जणांचा मेंदू परत येत नाही.

श्वासाची नळी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ तिच्याशी बोलायला आल्या. पहिले दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बोलायला सुरुवात केली. ती काय बोलली हे या लेखाचा विषय नाही. घरच्यांना एवढं सांगितलं की वडिलांच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच आणायच्या आणि भावाने कुलपात ठेवायच्या, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावा. तो चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं.

सहा आठवड्यांनी ती तपासणीला आली. इजेक्शन फ्रॅक्शन ६२, क्रिएटिनिन ०.८, डाव्या मांडीच्या पुढच्या बाजूला थोडी बधिरता, चालताना अडचण नाही. हृदयाची कुठलीही गोळी लागली नाही. पुढची तारीख मानसोपचाराच्या ओपीडीची दिली.